आधी रिम, मग सस्पेन्शन: हा क्रमच चुकीचा

नवे रिम बसवल्यावर टायर मडगार्डला घासतोय? स्प्रिंगमध्ये रबर टाका. चाक आणि कमान यांच्यात फट जास्त दिसतेय? बुटक्या स्प्रिंगा घाला, नाहीतर आहेत त्याच कापून घ्या. खड्ड्यात दणके बसतात? शॉकॲब्सॉर्बर बदला. पुण्याच्या नाना पेठेत, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि आता तालुक्याच्या गावीही निघालेल्या ॲक्सेसरीच्या दुकानांत हा सल्ला रोज दिला जातो. देणारा बहुतेक वेळा मनापासून देतो, घेणारा हौसेने घेतो. तरीही तो चुकीचा आहे आणि त्याची किंमत घाटात, पावसात, रात्रीच्या प्रवासात मोजावी लागते. म्हणून त्याचा प्रतिवाद करणं मला गरजेचं वाटतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: नवा रिम बसवल्यामुळे सस्पेन्शनला हात लावायची वेळ आली, तर तो रिम त्या गाडीचा नाही. दोष सस्पेन्शनमध्ये शोधू नये, रिम बदलावा. टोपी लहान पडली म्हणून कोणी डोकं तासत नाही. सस्पेन्शन बदलण्याला स्वतंत्र कारणं असू शकतात, चांगलीही असू शकतात. पण ‘रिम बसत नाही’ हे त्यातलं कारण नाही.

समोरच्या बाजूचं म्हणणं आधी नीट मांडतो, कारण त्यात तथ्य आहे. कंपन्या खालच्या मॉडेलला काटकसरीने अरुंद टायर देतात, हे खरं आहे. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी स्वतःच मोठं चाक देते, हेही खरं. टायरचा बाहेरचा व्यास मूळच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवला तर स्पीडोमीटर आणि गिअरिंग फारसं बिघडत नाही, हा हिशेबही बरोबर आहे. रुंद टायरची कोरड्या रस्त्यावर पकड वाढू शकते आणि खाली घेतलेल्या गाडीचं गुरुत्वमध्य खाली येतं, हे भौतिकशास्त्र कोणी नाकारत नाही. भांडण आहे ते या खऱ्या गोष्टींवरून काढलेल्या निष्कर्षाशी.

मारुती स्विफ्टचं उदाहरण घेऊ. खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर१४ टायर येतो, वरच्याला १८५/६५ आर१५. यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा आकडा टायरच्या भिंतीची, म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो. शेवटचा आकडा रिमचा व्यास, इंचांत. १६५ चे ८० टक्के १३२. वर-खाली दोन भिंती मिळून २६४. त्यात १४ इंचांचे ३५५.६ मिळवले की चाकाचा पूर्ण व्यास ६१९.६ मिलिमीटर. दुसऱ्या टायरची भिंत १२०, दोन्ही मिळून २४०.५, त्यात १५ इंचांचे ३८१ मिळवले की ६२१.५. फरक दोन मिलिमीटरही नाही. कंपनीच्या इंजिनिअरांनी हे जाणूनबुजून जुळवलेलं असतं. म्हणून खालच्या मॉडेलच्या मालकाने वरच्या मॉडेलचं १५ इंची चाक, त्याच रुंदीचं आणि त्याच ऑफसेटचं, बसवलं तर माझी काहीच हरकत नाही. उलट बदल करायचाच असेल तर हाच करा, असं मी सांगेन. त्यात सस्पेन्शनचा एक नटही ढिला करावा लागत नाही.

वाद सुरू होतो तो त्यापुढे. ‘कंपनी १४ वरून १५ वर गेली, आपण १५ वरून १७ वर जाऊ, तीन टक्क्यांच्या आत राहिलो म्हणजे झालं.’ याच स्विफ्टवर २०५/४५ आर१७ बसवून पाहा. भिंत ९२ मिलिमीटर, पूर्ण व्यास ६१६.३. मूळच्या ६२१.५ शी तुलना केली तर फरक एक टक्काही नाही. तीन टक्क्यांच्या परीक्षेत हा टायर पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतो. पण टायरची भिंत १२० वरून ९२ वर आली. १४ इंची चाक असलेल्या मालकासाठी तर १३२ वरून ९२ वर, म्हणजे चार सेंटिमीटर हवा गेली. खड्ड्याची कड आणि धातूचा रिम यांच्यामध्ये जे काही होतं त्यातला जवळजवळ एक तृतीयांश भाग नाहीसा झाला, आणि तीन टक्क्यांचा नियम त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. तो नियम व्यासाचा आहे. त्याला सुरक्षिततेचा दाखला मानणं हीच पहिली चूक आहे.

टायरची ती भिंत रिकामी जागा नसते. तिच्यातली हवा ही गाडीची पहिली स्प्रिंग आहे. खड्ड्याचा पहिला मार ती खाते, उरलेला मार स्टीलच्या स्प्रिंगेपर्यंत आणि शॉकॲब्सॉर्बरपर्यंत पोचतो. कंपनीने सस्पेन्शन जुळवताना या पहिल्या स्प्रिंगेचं काम हिशेबात धरलेलं असतं. ती पातळ केली की सगळा मार पुढच्या भागांवर जातो: बुश, बॉल जॉइंट, बेअरिंग, शॉकॲब्सॉर्बरचं माउंट. मग सहा-आठ महिन्यांनी पुढून खडखड सुरू होते आणि ‘या गाडीचं सस्पेन्शनच नाजूक’ असा निकाल लागतो. सस्पेन्शन नाजूक नव्हतं. त्याचा जोडीदार काढून घेतला गेला.

मोठ्या रिमच्या बाजूने फॉर्म्युला वनचा दाखला हमखास दिला जातो. २०२२ मध्ये त्या गाड्या १३ इंची रिमवरून १८ इंची रिमवर गेल्या, हे खरं आहे. पण त्या दाखल्याचा उरलेला अर्धा भागही सांगायला हवा. १३ इंची चाकाच्या उंच टायरची भिंतच त्या गाड्यांच्या सस्पेन्शनचं मोठं काम करत होती. ती गेल्यावर संघांना सस्पेन्शनचा विचार पहिल्यापासून करावा लागला, आणि तो नव्या नियमांनुसार नव्याने बांधलेल्या गाडीवर, गुळगुळीत सर्किटसाठी. दुसरा दाखला जागतिक रॅलीचा घ्या. डांबरावरच्या रॅलीत त्या गाड्या १८ इंची रिम वापरतात आणि खडी-मातीच्या रस्त्यावर १५ इंची रिम, उंच भिंतीच्या टायरसह. खराब रस्त्यावर जगात सर्वांत वेगाने गाडी हाकणारी माणसं त्या रस्त्यासाठी लहान रिम निवडतात. आपला रोजचा रस्ता त्यांच्या कोणत्या रस्त्याला जवळचा आहे, हे जुलै महिन्यात मुंबई-गोवा महामार्गावर गेलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही.

‘मग कंपन्या आता १७ इंची चाकं का देतात?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर टायरच्या भिंतीवरच छापलेलं असतं. ह्युंदाई क्रेटाच्या २०२० च्या मॉडेलला खाली २०५/६५ आर१६ आणि वर २१५/६० आर१७ असे टायर आले. पहिल्याची भिंत १३३ मिलिमीटर, दुसऱ्याची १२९. रिम एक इंचाने वाढला, भिंत फक्त चार मिलिमीटरने कमी झाली. मोठ्या चाकाला जागा मिळेल अशी कमान त्या गाडीला मुळातच होती. स्विफ्टसारख्या लहान गाडीत ती जागा नाही. तिथे रिमचा प्रत्येक जास्तीचा इंच टायरच्या भिंतीतूनच कापून घ्यावा लागतो. क्रेटाकडे बोट दाखवून हॅचबॅकला १७ इंची रिम विकणं म्हणजे ग्राहकाची दिशाभूल आहे.

आता ऑफसेटकडे वळू. दुकानात या विषयावर सर्वांत कमी बोललं जातं आणि सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारी सपाट बाजू यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. रिमच्या आतल्या बाजूला ते ‘ईटी’ या अक्षरांपुढे कोरलेलं असतं. समजा, मूळ रिम ६ इंच रुंद आणि ईटी ४५ आहे. दुकानात मिळालेला रिम ७ इंच रुंद आणि ईटी ३५. रुंदी एक इंचाने वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटर. ऑफसेट १० ने कमी झाला, म्हणजे पूर्ण चाक १० मिलिमीटर बाहेर सरकलं. परिणामी रिमची बाहेरची कड जवळपास २३ मिलिमीटर बाहेर आली आणि आतली कड तीनेक मिलिमीटर आत गेली. चाक बाहेर आलं की दिसायला गाडी ऐटदार होते. पण बेअरिंगवरचा भार जिथे यायला हवा तिथून सरकतो, स्टीअरिंगला खड्ड्याचे झटके जास्त बसतात, ब्रेक मारताना गाडी बाजूला ओढायला लागते. मागे तीन माणसं बसली की तीच बाहेर आलेली कड मडगार्डला भिडते. मग स्प्रिंगमध्ये रबर टाकायचा सल्ला मिळतो. मूळ दुखणं २३ मिलिमीटरचं आणि आडवं आहे, इलाज मात्र उभा केला जातो.

हबच्या भोकाचीही तीच गत. स्विफ्टच्या हबचा मधला गोल सुमारे ५४ मिलिमीटरचा आहे. बाजारातले बरेचसे रिम अनेक गाड्यांना चालावेत म्हणून मधलं भोक मोठं, ७३ मिलिमीटरच्या आसपास ठेवून बनवलेले असतात. मधली फट भरायला हब-रिंग लागते. ती नसेल तर चाक केवळ नटांच्या भरवशावर मध्यभागी बसतं, आणि ते दर वेळी नेमकं मध्यभागी बसतंच असं नाही. ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरायला लागतं. बॅलन्सिंग दोनदा-तीनदा करून थरथर जात नाही, तेव्हा ‘लोअर आर्मचे बुश गेले’ असं निदान होतं. चांगल्या स्थितीतले बुश काढून नवे टाकले जातात. थरथर तशीच राहते, कारण ती चाकातून येत असते. काहीशे रुपयांच्या रिंगेऐवजी हजारोंचं काम झालेलं असतं.

‘रुंद टायर म्हणजे जास्त पकड’ हे वाक्य तर कोणी तपासूनच पाहत नाही. टायर जमिनीला जिथे टेकतो त्या जागेचं क्षेत्रफळ मुख्यतः गाडीचं वजन आणि टायरमधली हवा यांवर ठरतं. रुंदी वाढवली की ती जागा आडवी पसरते आणि पुढे-मागे आखूड होते. कोरड्या डांबरावर वळण घेताना त्याचा फायदा होतो, तेही टायरचं रबर चांगलं असेल तर. पण रस्त्यावर पाणी साचलेलं असताना रुंद टायरला तितक्याच वेळात जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. ते सारता आलं नाही तर टायर पाण्यावर चढतो, स्टीअरिंग हातात एकदम हलकं होतं आणि गाडी आपल्या ताब्यात राहत नाही. वर्षातले चार महिने धो धो पाऊस पडणाऱ्या कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटांत टायर निवडताना हा मुद्दा आधी यायला हवा. पकड हवी असेल तर मूळ साइजमधलाच चांगल्या दर्जाचा, ताज्या उत्पादनाचा टायर घ्या. टायरच्या भिंतीवर चार आकडी तारीख असते: २३२५ लिहिलं असेल तर २०२५ सालचा तेविसावा आठवडा. रुंदीवर घातले जाणारे पैसे रबराच्या दर्जावर घाला.

काही जणांचा हेतू दिसण्याचा नसतो. गाडी खाली घासते म्हणून त्यांना उंची हवी असते, आणि ही अडचण खरी आहे. ते मूळ १८५/६५ आर१५ ऐवजी त्याच रिमवर १९५/६५ आर१५ घालतात. व्यास १३ मिलिमीटरने वाढतो आणि गाडी त्याच्या निम्मी, म्हणजे साडेसहा मिलिमीटर उचलली जाते. एवढ्याने समाधान होत नाही म्हणून काही जण २०५/६५ आर१५ वर जातात. व्यास ६४७.५, मूळच्यापेक्षा चार टक्क्यांहून जास्त. मिळालेली उंची १३ मिलिमीटर. त्या बदल्यात मीटर आधीपेक्षा चार टक्के कमी वेग दाखवू लागतं, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढावर गाडी दमते आणि स्टीअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लॅस्टिकला घासायची शक्यता असते. एवढं सगळं एका बोटाच्या जाडीइतक्या उंचीसाठी.

मग रबर येतं. स्प्रिंगेच्या दोन वेढ्यांमध्ये जाड रबरी बफर ठोकून गाडी उचलण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. स्वस्त आहे, अर्ध्या तासात होते आणि गाडी खरोखर उंच दिसते. पण वेढ्यांमध्ये रबर अडकलं की तिथली स्प्रिंग काम करायची थांबते. स्प्रिंगेचा कडकपणा काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येवर अवलंबून असतो. पाचपैकी एक वेढा बंद पडला तर उरलेली स्प्रिंग २५ टक्क्यांनी कडक होते. शॉकॲब्सॉर्बर मात्र जुन्या स्प्रिंगेसाठी बनवलेला असतो. कडक स्प्रिंगेची उसळी त्याला आवरत नाही. एका खड्ड्यानंतर गाडी दोनदा-तीनदा उसळते आणि तेवढा वेळ टायरचा जमिनीवरचा दाब कमी-जास्त होत राहतो. नेमक्या त्या क्षणी ब्रेक मारावा लागला तर थांबायचं अंतर वाढतं. हे रबर सुरक्षेसाठी टाकतो असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा.

गाडी खाली घेण्याचं समर्थन तर अधिकच कच्चं आहे. गुरुत्वमध्य ४० मिलिमीटर खाली आलं, हे मान्य. पण पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटच्या सस्पेन्शनमध्ये लोअर आर्मचा कोनही त्याबरोबर बदलतो. आर्म आडवा राहत नाही, त्याचं बाहेरचं टोक वर जातं. त्यामुळे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल-सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. वळणात कलण्याची ओढ उलट वाढते आणि ती दाबायला आणखी कडक स्प्रिंग लागते. टाय-रॉडचा कोन बदलल्यामुळे चाकाच्या प्रत्येक उसळीबरोबर चाकाची दिशा किंचित बदलत राहते. आपल्या बहुतेक हॅचबॅकमध्ये अलाइनमेंट करताना पुढचा टो, म्हणजे वरून पाहताना चाकं आत-बाहेर वळल्याचा कोन, तेवढा बसवता येतो. कॅम्बर, म्हणजे समोरून पाहताना चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल, बसवायची सोय मूळ गाडीत नसते. त्यामुळे ‘नंतर अलाइनमेंट करून घेऊ’ हे आश्वासन अर्धवट आहे.

ते कसं अर्धवट आहे, हे अशी गाडी अलाइनमेंटच्या रॅम्पवर चढली की दिसतं. बाहेर उभं राहून पाहिलं तर टायर चांगला वाटतो, खाचा खोल दिसतात. स्टीअरिंग पूर्ण वळवून आतली कड पाहिली की खरी स्थिती कळते. बाहेरच्या बाजूला पाच-सहा मिलिमीटर खाच शिल्लक आणि आतल्या चार बोटांच्या पट्ट्यात खाचेचा मागमूस नाही. रबर काचेसारखं गुळगुळीत, अगदी कडेला तारांचं जाळं उघडं पडलेलं. त्यावरून तळवा आडवा फिरवला तर एका दिशेने सहज सरकतो आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखा अडतो. कायद्याने मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. हा टायर बाहेरून कायद्यात बसतो, आतून कधीच संपलेला असतो. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीखाली असा टायर असेल तर पुढे काय होऊ शकतं, हे वेगळं सांगायला नको.

आता गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शक सूचनांनुसार ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.४५ मीटर आहे. म्हणजे गाडीचा मध्य गतिरोधकाच्या माथ्यावर असतो तेव्हा चारही चाकंही गतिरोधकावरच असतात आणि पोटाखालची जागा फक्त ४४ मिलिमीटरने कमी होते. कंपनीच्या १६३ पैकी ११९ शिल्लक. पण गावोगावी आपल्याला भेटतो तो डांबराचा अरुंद उंचवटा. तो १५ सेंटिमीटरचा असेल तर चाकं सपाट जमिनीवर आणि उंचवटा पोटाखाली. सगळे १५० मिलिमीटर वजा होतात. रिकाम्या मूळ गाडीला १३ मिलिमीटर उरतात. ४० मिलिमीटर खाली घेतलेल्या गाडीला उणे २७. माणसं आणि सामान त्यानंतरचं. रस्ते सुधारले पाहिजेत, ही मागणी शंभर टक्के बरोबर आहे आणि ती लावून धरलीच पाहिजे. पण रस्ते सुधारल्याचं गृहीत धरून आजच गाडी खाली घेणं शहाणपणाचं नाही.

‘मग सस्पेन्शन कधीच बदलायचं नाही का?’ बदला, जरूर बदला. शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळत असेल, गाडी हेलकावे खात असेल, तर नवे टाका आणि एका बाजूचा नव्हे, जोडीने टाका. घाटात नियमित चालवणाऱ्याला गाडी जास्त घट्ट हवी असेल, तर एकमेकांसाठी बनवलेल्या स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर यांचा पूर्ण संच घ्या. मागे कायम जास्त वजन असेल तर त्या वजनासाठी बनवलेल्या स्प्रिंगा घ्या. ही सगळी कारणं सस्पेन्शनची आहेत, आणि प्रत्येक वेळी टायर मूळ साइजचाच ठेवता येतो. मी ज्याच्या विरोधात आहे ती गोष्ट वेगळी आहे: आधी न बसणारा रिम विकायचा आणि नंतर तो बसवण्यासाठी गाडीचे एकेक भाग बदलत जायचे. त्यात दुकानाची दोनदा विक्री होते आणि मालकाचं दोनदा नुकसान.

‘माझी गाडी, माझे पैसे’ हा शेवटचा युक्तिवाद. गाडी तुमची आहे, रस्ता सगळ्यांचा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असे बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात तो अर्थ ठामपणे उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए मध्ये बेकायदा बदलासाठी गाडीमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या साइजमध्ये राहिलात तर या कलमांची धास्ती बाळगायचं कारण नाही. त्याबाहेर गेलात तर अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरसमोर बदलाचं समर्थन तुम्हालाच करावं लागतं. पण कायद्यापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. आंबोलीच्या किंवा ताम्हिणीच्या घाटात टायर फुटतो तेव्हा समोरून येणाऱ्या गाडीतल्या कुटुंबाने तुमच्या रिमच्या निवडीत भाग घेतलेला नसतो.

ज्यांना चाकं बदलायचीच आहेत त्यांनी क्रम उलटा करावा. ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. खांबावर किंवा दाराच्या कडेवर कंपनीचा स्टिकर असतो. त्यावर टायरची साइज आणि थंड टायरमध्ये किती हवा भरायची ते लिहिलेलं असतं. तिथून सुरुवात करा. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलची साइज कोणती ते पाहा आणि तिथे थांबा. टायर आणि रिम यांची रुंदी जुळते का ते तपासा. १८५/६५ टायरला ५ ते साडेसहा इंच रुंदीचा रिम चालतो, ७ इंची चालत नाही. टायरवरचा भारक्षमतेचा आकडा मूळपेक्षा कमी नको. ८८ म्हणजे ५६० किलो आणि ८२ म्हणजे ४७५, एका टायरमागे ८५ किलोंचा फरक. वेगाचं अक्षरही खाली यायला नको. रिमच्या आतल्या बाजूची ईटी वाचा, हबची रिंग मागा, जेडब्ल्यूएलसारखी चाचणीची खूण आहे का ते पाहा. नट रिमच्या बैठकीला जुळणारे हवेत आणि ते टॉर्क रेंचनेच आवळून घ्या.

पैसे देण्याआधी एकच चाक बसवून घ्या आणि गाडीत पाच माणसं बसवा. स्टीअरिंग एका टोकापर्यंत वळवून गाडी हळूच उंचवट्यावरून पुढे आणि मग मागे घ्या. नंतर दुसऱ्या टोकापर्यंत वळवून तेच करा. पुढचं झालं की तेच चाक मागे बसवून पुन्हा बघा. खाली उतरून कमानीच्या आतल्या प्लॅस्टिकवर, मडगार्डच्या दुमडलेल्या कडेवर आणि स्ट्रटच्या नळीवर बोट फिरवा. ताजा चरा किंवा रबराचा काळा डाग दिसला, तर उत्तर मिळालं.

त्यावर कोणी स्प्रिंगा, रबर, मडगार्डची कड ठोकून आत घेणं असला काही उपाय सुचवला, तर ऐकू नका. तो रिम परत करा आणि तुमच्या गाडीला बसणारा मागा. तो दुकानात नसेल तर जुन्याच चाकांवर चांगले नवे टायर घालून घरी जा.